हरणाबाईची साक्ष

विट्याजवळच्या गावात हरणाबाई आणि तिची सून रेश्मा, दोघीच राहायच्या. मुलगा विश्वजीत मदुराईला. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, गलाईचं त्याचं दुकान. हरणाबाईच्या नवऱ्यानंही जन्मभर हाच धंदा केला. तो वर्षातून एकदा जत्रेला यायचा. मधल्या काळात ती कुठं गेली, कुणाशी बोलली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

रेश्माला व्हिडिओ करायचा नाद होता. तिचा शेंगोळ्यांचा व्हिडिओ फिरत फिरत मदुराईच्या गलाईवाल्यांपर्यंत पोचला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'वहिनी एकदम झकास.' विश्वजीतची झोपच उडाली. मग उठल्यासुटल्या व्हिडिओ कॉल.

"कॅमेरा फिरव. मागं कोण हाय?"

रेश्मा पिठाच्या हातानं चूल, गोठा, परडं दाखवायची. तिनं उचलला नाही तर लगेच आईला फोन. हरणाबाई वैतागून म्हणायची, "सारखा फोनच असतोय की तिच्या हातात!"

एका दुपारी तो न सांगता दारात उभा राहिला. पाण्याचा तांब्याही न घेता त्यानं रेश्माचा फोन हिसकावला आणि वाचत बसला.

"ह्यो शंभूराज कोण?"

"वर्गातला. त्यानं छान म्हणलं, मी धन्यवाद लिवलं."

"मग पुढं बदाम कशाला?"

फोन भिंतीवर आपटून फुटला. रेश्मा रडली नाही. पिशवी भरून त्याच दिवशी लोणंदला माहेरी निघून गेली.

विश्वजीतनं घटस्फोटाचा दावा लावला. आईला म्हणाला, "मला सांगायचीस तेवढंच कोर्टात सांग. दिवसभर फोनवर असायची." हरणाबाईच्या ध्यानात आलं. आपलं वैतागाचं बोलणं ह्यानं असं जपून ठेवलं होतं तर.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "सून सारखी फोनवर असायची?"

विश्वजीत आईकडं रोखून बघत होता. रेश्मानं मान वर केली नाही.

"व्हय," हरणाबाई म्हणाली. विश्वजीत खुर्चीत सैल झाला. "निम्मा वेळ ह्याच्याशीच. तव्यावर भाकरी करपायची, पण ह्याचा फोन ठिवायची सोय न्हवती. माझ्या मालकानं असा पहारा केला असता, तर मीबी नांदले नसते."

"आई!"

"वरडू नगंस. साक्ष तूच मागितलीस."

संसार काही सांधला नाही. दोघांच्या संमतीनं काडीमोड झाला. विश्वजीत मदुराईला गेला तो आईशी बोलेनासा झाला. घरात हरणाबाई एकटी उरली. दिवाळीनंतर एका सकाळी ती एसटीत बसली आणि विचारत विचारत रेश्माच्या माहेरी पोचली.

रेश्मानंच दार उघडलं. "आत्या? त्यांनी धाडलं का तुमास्नी?"

"न्हाई. मीच आले. भेटू नगा असं कोर्टानं सांगितलंय का?"

रेश्मा हसली नाही. पण बाजूला सरकून तिनं आत यायला वाट दिली.