सहा रूपांचं क्रियापद आणि आमचे ग्लोबल सर

आमच्या क्लासमधले किस्से नंदुरबारच्या मिरचीसारखे आहेत. एक उकरला की ठसका सगळ्यांनाच लागतो! स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर हा क्लास. क्रोएशिया-सर्बियात कामाला जाणाऱ्या पोरांना तिथली भाषा शिकवायची. मालक स्वतःला ‘ग्लोबल सर’ म्हणवतात. सुरतेच्या पुढे कधी गेलेले नाहीत. शिकवायचं मी. एम.ए. झाल्यावर ती भाषा ऑनलाइन शिकले.

*

पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘रादिती’ लिहिलं. म्हणजे काम करणे. खाली सहा रूपं. रादिम, मी काम करतो. रादिश, तू करतोस. रादी, तो करतो. मग रादिमो, रादिते, रादे. म्हणजे आम्ही, तुम्ही, ते.

सरांनी डस्टर घेतलं आणि पहिलं सोडून बाकीची पुसली.

“मॅडम, पोरांना ‘रादिम’ पुरे. ‘आम्ही’ शिकवलं की युनियन होते!”

“आणि ‘तुम्ही’?”

“मालकाला कोणी विचारतं का, तुम्ही काम करता का म्हणून?”

*

ब्राह्मणपुरीचा योगेश पहिल्या बाकावरचा. घरी बागायती, कामाला गडी. तो म्हणाला, “मॅडम, माले ‘रादे’च शिकाडा. ‘ते काम करतस.’ आमना घरमा तेच चालस!”

*

एकदा मी ‘ने रादिम’ लिहिलं. पुढे ‘ने’ लावला की नकार. सर पळतच आले. “नकार सिलॅबसमध्ये नाही!”

त्याच आठवड्यात म्हणाले, “रविवारी एक्स्ट्रा बॅच घ्या. फुकट, समाजकार्य म्हणून.”

मी म्हटलं, “ने रादिम.”

सरांना अर्थ बरोबर कळला. शिकवलेलं वाया जात नाही!

*

सर्टिफिकेट वाटायला एक पुढारी आले. सरांनी कानात शब्द सांगितला. दादासाहेब माईकवर गरजले, “मी तुमच्यासाठी अहोरात्र रादिम!”

मागून योगेश पुटपुटला, “दादासाहेब, या शब्दले अनुभव लागस!”

*

आणि वेस्ता. तोरणमाळचा. दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जायचा, आता ते सोडायचं होतं. क्रोएशियातल्या एका बेकरीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू आला. हुकला तर पुन्हा कोयता. तयारीला बसलो तर हा अडूनच बसला.

“मॅडम, ‘तुम्ही’वालं शिकवा. आमच्याकडे लाहा असतो. एकाच्या शेतात सगळं गाव राबतं. पण आधी शेतवाला उतरतो. तो बांधावर बसला तर आम्ही परत जातो.”

मी ‘रादिते’ शिकवलं, आधी ‘वी’, म्हणजे ‘तुम्ही’, लावून. सरांना सांगितलं नाही.

इंटरव्ह्यूला मोबाईलवर बेकरीचे मालक, शेजारी त्यांचा हिंदी बोलणारा माणूस. मालकांनी विचारलं, “रादिश?”

“रादिम!” वेस्ता म्हणाला. मोबाईलमागून सरांनी अंगठा दाखवला.

“कुछ पूछना है?” हिंदीवाल्याने विचारलं. सर जोरजोरात मान हलवून नको-नको सांगत होते.

वेस्ता पुढे वाकला. “वी रादिते?” तुम्ही काम करता?

“नेटवर्क! नेटवर्क प्रॉब्लेम!” ओरडत सर मोबाईलवर झेपावले आणि थेट कॅमेऱ्यासमोर आले.

तिकडे मालकांनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत पीठ! वेस्तानेही आपले घट्टे पडलेले तळवे पुढे धरले. मालक हसले, काहीतरी बोलले.

“इसको भेज दो,” हिंदीवाला म्हणाला.

मग मालकांनी सरांकडे बोट केलं. “वी?”

सरांनी हात खिशात घातले.