खडू मागण्याआधी

आमच्या घराण्यात शिक्षणाचा पाया मी घातला. म्हणजे झालं असं, की मी सातवीतच शाळेला रामराम ठोकला आणि कराडला सायकलचं दुकान टाकलं. ते बघून घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, पोरांचं काहीही होवो, याच्यासारखं होता कामा नये. त्या धसक्यानं माझा मुलगा प्रशांत इंजिनिअर झाला, जर्मनीत रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि म्हातारपणी मलाही इकडे घेऊन आला. त्याची मुलगी सई आता शिक्षिका व्हायला निघालीय. पाया भक्कम असला की असं होतं.

ही सई टांझानियाला गेल्यापासून घरात किस्से साठायला लागलेत, इथल्या तळघरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे. फेकवत नाहीत, आणि दुकानात परत करायला कुणी उठत नाही. शेवटी मीच पिशवी भरून आणलीय.

आधी मुळातली भानगड सांगतो. सई इथल्या युनिव्हर्सिटीत शिक्षकीचं शिकते. त्यात एक प्राक्टिकुम असतं, म्हणजे खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन शिकवून दाखवायचं. बाकीच्या पोरी बसनं दोन स्टॉपवरच्या शाळेत गेल्या. हिनं टांझानियातलं एक गाव निवडलं. प्रशांत आठवडाभर भिंतींशी बोलत होता. मग त्यानं अट घातली. "तिथल्या हेडमिस्ट्रेसनं लिहून दिलं की हिला शिकवता येतं, तर हो शिक्षिका. नाही दिलं, तर परत येऊन गपचूप इन्फॉर्मातिक, म्हणजे कॉम्प्युटर."

सई म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

पोरीला मराठी सगळं कळतं, पण आईबापांना उत्तर जर्मनमध्येच देते. माझ्याशी तेवढं मोडकंतोडकं मराठी बोलते, कारण मला दुसरं काही येत नाही.

* * *

प्रशांतच्या साहेबानं त्याला एकदा विचारलं होतं, पुण्यात ऑफिसला जाताना रस्त्यात हत्ती आडवे येतात का. त्यावर प्रशांत महिनाभर धुमसत होता. "या लोकांना जगाचं काही म्हणजे काही ज्ञान नाही, आबा."

सईचा तिकडून पहिला व्हिडिओ कॉल आला. सगळे सोफ्यावर दाटीवाटीनं बसलो. प्रशांतनं पहिलाच प्रश्न टाकला, "सिंह-बिंह दिसतात का गं तिकडे?"

मी म्हटलं, "अरे, साहेबाला कशाला बसवलंस आमच्यात?"

* * *

माझी सून मेधा. तिनं सईच्या बॅगेत इतकी औषधं भरली होती, की विमानतळावरच्या माणसानं विचारलं, तुम्ही डॉक्टर का. सई तिकडे पोचली, आणि पंधरा दिवसांत कळलं की बाईसाहेब बादलीभर पाण्यात आंघोळ करतात, कपडे दगडावर घासून दोरीवर वाळत घालतात, आणि वर सांगतात की फार मजा येते.

मेधाचा जीव वरखाली. "इथे मशीनमधले कपडे नुसते बाहेर काढ म्हटलं, तर सहा वेळा 'श्पेटर' म्हणायची. नंतर, नंतर, नंतर. आणि तिकडे दगडावर?"

मी म्हटलं, "सूनबाई, चूक आपलीच. घरात दगड ठेवायला हवा होता. मशीन देऊन टाकू."

"देऊन टाकू की," मेधा म्हणाली. "दगड आला की पहिले तुमचे लेंगे. तुम्हीच बसा घासत."

मशीन अजून आहे.

* * *

आता खडूचं सांगतो. सईनं युनिव्हर्सिटीला पहिला रिपोर्ट पाठवला. त्यात मोठ्या तळमळीनं लिहिलं, की शाळेत साधनांची भीषण टंचाई आहे, शिक्षकाला साधा खडूसुद्धा मिळत नाही. प्रशांतनं तो वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही खडू मीच खाल्ला.

खरं काय होतं? स्टाफरूमच्या कपाटात खडूची खोकी रचून ठेवलेली. किल्ली एका वयस्कर मास्तरांकडे. सई रोज सकाळी आत शिरायची आणि सरळ म्हणायची, "खडू, प्लीज." मास्तर म्हणायचे, "आज नाही." असं कितीतरी दिवस चाललं. पोरगी कोळशानं फळ्यावर लिहायच्या बेताला आली.

शेवटी नीमाबाईंनी, म्हणजे तिथल्या हेडमिस्ट्रेसनी, तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अगं, ज्या माणसाला तू झोप लागली का म्हणून विचारत नाहीस, त्याच्याकडे खडू कसा मागतेस? तो काय कपाटाला लावलेलं यंत्र आहे?" तिकडे आधी झोपेची चौकशी, मग घरच्यांची, मग पोराबाळांची, मग शेताची, आणि ते सगळं झालं की काम. दुसऱ्या दिवशी सईनं सगळं रीतसर विचारलं. मास्तरांनी अख्खं खोकं हातात ठेवलं.

हे ऐकून प्रशांत हसत सुटला. "काय माणसं आहेत. एका खडूसाठी एवढं?"

आता हा प्रशांत कोण? हा मला शेजारच्या खोलीतून फोन करतो आणि सुरुवात करतो, "आबा, पटकन बोला." फोन त्यानं केलेला असतो.

* * *

खडूनंतर पोरगी बदलली. मला फोन आला. "आबा, झोप झाली? गुडघा कसा? आई कशी? पापा कसा? खालच्या बाईचं मांजर?"

मला घाम फुटला. एवढी चौकशी माझी सख्ख्या भावानं केली होती, ती शेवटची, आणि तेव्हा त्याला माझी मोटरसायकल हवी होती. मी म्हटलं, "सई, सरळ बोल. काय पाहिजे?"

"काही नाही आबा. सहज."

मी दिवसभर सगळी कपाटं तपासली. काही गेलं नव्हतं.

* * *

देशपांड्यांना विसरून चालणार नाही. हे आमच्या इथल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात पुढे बसतात आणि सगळ्यात आधी जेवतात. सई आफ्रिकेत आहे कळल्यावर त्यांना एकदम पाझर फुटला. मंडळाच्या ग्रुपवर आवाहन टाकलं, 'तिकडच्या गरीब मुलांसाठी जुने कपडे द्या.' आठवड्यात आमच्या दारात तीन खोकी. उघडून बघतो तर लोकरीच्या टोप्या, हातमोजे, आणि बर्फावर घसरायला जातात त्याची एक जाडजूड पँट. तिची चेनही तुटलेली.

मी त्यांना फोन लावला. "देशपांडे, सईच्या वर्गाला तुमच्याबद्दल कळलं. पोरांनीही तिकडे तुमच्यासाठी गोळा करायला घेतलंय."

"आमच्यासाठी?" देशपांडे फुलले. "काय म्हणता आबासाहेब! कशासाठी?"

"सईनं त्यांना सांगितलं, जर्मनीत म्हातारी माणसं एकटी जेवतात आणि शेजारी कोण राहतो ते मेल्यावर कळतं. पोरं म्हणाली, बिचारे. त्यांना काहीतरी पाठवू या."

देशपांड्यांनी फोन ठेवला. मग देशपांड्यांनी ग्रुपवर मोठा खुलासा टाकला, की मंडळातले सर्व सभासद सुस्थितीत असून कुणीही एकटं जेवत नाही, आणि कुठल्याही परदेशी शाळेकडून मदत स्वीकारली जाणार नाही. खाली पहिला अंगठा मी दिला.

पोरांनी काही गोळा केलं नव्हतं, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. खोकी आमच्या तळघरात आहेत.

* * *

आणि मग आला परीक्षेचा दिवस. सईनं पूर्ण तास घ्यायचा, नीमाबाई शेवटच्या बाकावर बसून बघणार, आणि त्यांचं मत तेच शेवटचं. सकाळपासून मेधानं देवापुढचा दिवा विझू दिला नव्हता. प्रशांत कारखान्यातून लवकर आला. त्यानं सईचं परतीचं तिकीट आधीच काढलं होतं आणि इन्फॉर्मातिकच्या कुठल्या कुठल्या कोर्सची माहितीही लॅपटॉपवर उघडून ठेवली होती. बाप म्हणून काळजी, दुसरं काय.

दुपारी कॉल आला. सईचा चेहरा उतरलेला. तिच्या शेजारी नीमाबाई, डोक्याला रंगीत फडकं बांधलेल्या, खुर्चीत ऐसपैस. त्या इंग्रजीत बोलणार आणि सई मला मराठीत सांगणार, असं ठरलं.

प्रशांतनं घसा खाकरला. "गुड आफ्टरनून मॅडम. सो, पास की फेल?"

नीमाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलगी मेहनती आहे. मुलांना आवडते. आवाज चांगला आहे. पण वर्गात प्रश्न विचारते आणि मूल उत्तर शोधत असतं, तोवर हिचं लक्ष घड्याळाकडे. तिच्या कागदावर लिहिलंय ना, या प्रश्नाला दोन मिनिटं. आज एक मुलगी उठली, बोलायला तोंड उघडलं, आणि हिनं पुढचा प्रश्न विचारला. ती मुलगी तशीच खाली बसली."

सईनं हे सगळं स्वतःच मला मराठीत सांगितलं, मान खाली घालून. मेधानं पदराचं टोक धरलं. प्रशांत हळूच म्हणाला, "म्हणजे फेल." आणि लॅपटॉप जवळ ओढला.

"ती इथे आणखी एक सत्र राहिली, तर मी लिहून देईन," नीमाबाई म्हणाल्या. "आज नाही देणार."

"मॅडम, तिकीट काढलंय," प्रशांत म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर, एवढे महिने झाले. अजून राहून काय होणार?"

सईचे डोळे भरलेले. मला ते बघवेना, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. बाईंना जरा हसवावं, म्हणजे विरघळतील. मी म्हटलं, "सई, विचार बाईंना. आमची पोरगी आहे तशीच पाठवा म्हणावं, उरलेलं आम्ही घरी शिकवू. तिचा बाप इंजिनिअर आहे आणि आजा त्याहून हुशार."

सईनं सांगितलं. नीमाबाई खदखदून हसल्या. मग कॅमेऱ्याजवळ वाकल्या. प्रशांतला सोडून थेट माझ्याकडे बघत त्यांनी सईला काहीतरी सांगितलं. सईनं डोळे पुसले आणि मराठीत म्हणाली,

"आबा, त्या विचारतात, आमच्याकडेही चपाती करतात आणि तुमच्याकडेही. तुमच्या घरी एका बाजूनं भाजलेली चपाती ताटात वाढतात का?"