आप्पाने विकलेलं आभाळ

चुडामण आप्पाने आभाळ विकलं, अशी कुजबुज त्या डिसेंबरात अख्ख्या नंदुरबारात होती. कुणाला विकलं, तर मिरचीच्या एका व्यापाऱ्याला. बदल्यात काय मिळालं, तर कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स. गोदामाच्या मागच्या दाराने खोकं काखोटीला मारून बाहेर पडताना आप्पाला पाहिलं होतं म्हणे. कुणी पाहिलं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. आता लपवून काय करायचं, दोन टपऱ्यांवर ही गोष्ट मीच रंगवून सांगितली होती. ते मागचं दार तर खास माझं. त्या गोदामाला मागे दारच नाही, हे मला नंतर कळलं.

आम्हा रिकामटेकड्या पेन्शनरांना चघळायला बरं होतं. कालीबाईला नव्हतं. तिची एकोणीस वर्षांची पोर रविना त्या डिसेंबरातल्या अवकाळी पावसात, मिरची वाळवायच्या पथारीवर जिवाला मुकली होती. तिला कुणाकडून काही नको होतं, एवढंच कळायला हवं होतं: आप्पाने ढग पाहिला आणि तरी आभाळ मोकळं म्हणून सांगितलं का? हो की नाही?

पण त्याआधी आप्पा कोण ते सांगतो.

तापीकाठच्या खात्यापित्या घरातला माणूस. शेती भावांकडे सोडून याने पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. निवृत्त झाला तेव्हा सुरतेच्या लेकीने, रुचिकाने, त्याला कॅमेरा दिला, आणि घरात एक खूळ शिरलं. आप्पा इस्त्रीवाल्याचे फोटो काढायचा, गाढवांचे काढायचा, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचे तर पोटावर पडून काढायचा. निर्मलावहिनी मला म्हणायच्या, "गुरुजी, लगीन झायं तैपासून मन्हाकडे धड पाहिलं नै, आते पापडकडे एक डोया मिटीसन पाही ऱ्हायनात."

"पापड बोलत नाही ना वहिनी, म्हणून," मी म्हणायचो, आणि माझा चहा अर्ध्या कपावर यायचा.

या सगळ्या खुळात एक नेम होता. रोज सकाळी सात वाजता गच्चीवरून पश्चिमेचा एक फोटो. कठड्यालगत फरशीवर त्याने लाल तैलरंगाने तीन ठिपके काढले होते, तिवईचे तीन पाय त्या ठिपक्यांवरच उभे राहायचे. डावीकडे पाण्याची टाकी, मधोमध रेल्वेचा सिग्नल, पलीकडे थेट गुजरातच्या बाजूचं खालपर्यंत टेकलेलं आभाळ. वर्षाचे बारा महिने तीच चौकट, केसभरही फरक नाही. "बाकी काहीच बदलायला नको मास्तर, आभाळ तेवढं बदललं पाहिजे," असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा. मग तो फोटो मोबाइलवर घ्यायचा आणि खाली एक ओळ लिहून स्टेटसला टाकायचा. 'आज धूळ.' 'आज ढग, पण पोकळ.' 'आज आभाळ मोकळं.'

आम्ही हसायचो. पण हिवाळ्यात त्या एका ओळीवर शे-दोनशे बायांचा दिवस ठरायचा.

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. मोकळी मैदानं, त्यावर ओली लाल मिरची पसरून वाळवायची. तिच्यावर पाणी पडलं की माल पांढरा पडतो, मग त्याला कुणी विचारत नाही. ढगाची चाहूल लागली की सगळी मिरची गोळा करून राशी लावायच्या, पोती भरून थप्पी रचायची आणि वर ताडपत्री ओढायची. सकाळपासून कामाला लागलं तर हे सावकाश होतं. ऐनवेळी धावत केलं तर माणूस मरतं, पण ते पुढे.

आमच्या बाजूच्या पथारीला चारी अंगांनी गोदामं. तिथे उभं राहिलं तर डोक्यावरचं आभाळ दिसतं, कडेचं दिसत नाही. कडेचं दिसायचं ते आप्पाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवरून. तिथला मुकादम लोटन म्हणायचा, "मोबाइल जिल्ह्यानं सांगस, आप्पा आपली पथारीनं सांगस." मोबाइल तर रोजच एखादा ढग दाखवायचा.

कालीबाईकडे मोबाइल नव्हता. ती नवापूरकडच्या डोंगरातली, नवरा गेलेला, हंगामापुरती पोरीला घेऊन पथारीच्या कडेला गोणपाटाच्या झोपडीत राहायची. पाणी भरायला निर्मलावहिनींच्या नळावर यायची. हंडा नळाखाली लावला की वर बघून हाक मारायची:

"आप्पा, काय म्हनस आभाय?"

"मोकळं शे. पसरा!"

रविना मागून ओरडायची, "आप्पा, काल तुम्ही पोकळ ढग म्हणाले, माझी वेणी भिजली!"

"चार थेंब पडले गं! ते मी धरत नाही."

पोर जीभ चालवणारी होती. आप्पाने पथारीवर तिचे पुष्कळ फोटो काढले, पण चेहरा कशातच नाही. मिरचीची धस, ती तिखट धूळ, नाकातोंडात जाऊ नये म्हणून पथारीवरच्या बाया डोळे सोडून सगळं तोंड फडक्याने बांधतात. लाल मैदानात पन्नास बाया बसलेल्या आणि सगळ्यांचे फक्त डोळे. "आप्पा, यात मी कोणती, सांगा बरं," म्हणून रविना त्याला पिडायची. तोंड उघडं असलेला तिचा एकच फोटो त्याने काढला होता, दुपारी भाकर खाताना. मोठा काढून देईन म्हणाला होता.

आता लेन्सचं.

त्या वर्षी होळीनंतर आप्पाची एक तक्रार सुरू झाली. लेन्स खराब झाली, फोटो धूसर येतात. मला फोटो दाखवायचा, "मास्तर, बघ बरं, धुकट आलाय ना?" फोटो आरशासारखा लख्ख असायचा. सिग्नलवर बसलेल्या कावळ्याची चोच मोजून घ्यावी असा. पण माझी जीभ सरळ चालेल तर ती माझी कसली. मी म्हणायचो, "पार धुकं आहे आप्पा. कावळा आहे की वटवाघूळ तेही कळत नाही." तो खट्टू व्हायचा, मला मौज वाटायची. आठ महिने मी ही मौज केली.

ऑक्टोबरात चिंचपाड्याच्या बाजूला डोळे तपासणीचं शिबिर होतं. निर्मलावहिनींनी त्याचं नाव घातलं होतं. हल्ली मीठ म्हणून साखर टाकतात, एवढंच त्या म्हणाल्या. शिबिराच्या सकाळी आप्पा माझ्या दारात, गळ्यात कॅमेरा. "मास्तर, चल तोरणमाळला."

"अन् शिबिर?"

"डोळ्यांना काय झालंय? लेन्स खराब शे. म्हाताऱ्या लोकांना धरून धरून कापतात तिथे."

गेलो. धडगावच्या वाटेवर जीपमध्ये बारा माणसं आणि दोन बकऱ्या. वर तळ्याकाठी स्वच्छ ऊन पडलं होतं, पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता. आप्पा तिवई लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काय धुकं पडलंय रे! सुंदर!" मी म्हटलं, "तर काय! काश्मीरच." परतीला घाटात जीपमधल्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याने आप्पाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मला त्याच्या बोलीत काही तरी सांगितलं. मला ती बोली येत नाही. मी मान डोलावली.

डिसेंबरात नवी लेन्स आली. आप्पा ती गळ्यात घालून बाजारातून फिरला, लग्नातल्या हारासारखी. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचं स्टेटस पडलं. पाण्याची टाकी, सिग्नल, मागे निळंशार आभाळ. खाली ओळ: 'आज आभाळ मोकळं.' कालीबाईने नळावरून विचारलं, वरून उत्तर आलं, "पसरा!" लोटनच्या मोबाइलवर ढग होता. तो रोजच असायचा. त्याने मिरची पसरली.

तीन वाजता पश्चिमेकडून वारा सुटला. गोदामांच्या डोक्यावरून काळं आलं ते एकदमच. पन्नास बाया फावडी, टोपल्या घेऊन धावल्या. मिरची ओढली, पोत्यांत कोंबली, थप्पी कशीतरी रचली. गारा सुरू झाल्या. ताडपत्री वाऱ्याने फुगत होती, वरचं टोक दाबायला कुणीतरी चढायला हवं होतं. रविना चढली. ओली पोती सरकली आणि अख्खी थप्पी तिच्यासकट आडवी झाली. बायांनी हातांनी पोती ओढली. मिरची फुटून सगळं लाल झालं होतं, त्यात रक्त कुठलं हे कुणाला कळेना. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. तिच्या तोंडावरचं फडकं तिथल्या नर्सने सोडलं.

त्या पथारीचा माल गेला. पलीकडच्या एका व्यापाऱ्याने मात्र आदल्याच दिवशी आपली मिरची गोदामात भरली होती, तो वाचला आणि बाकीच्यांचा माल गेल्याने त्याला चढा भाव मिळाला. आणि आप्पाच्या गळ्यात नवी लेन्स. झालं, टपरीला आणखी काय लागतं? लोटन स्वतः आप्पाच्या दारात येऊन ओरडला, "सकायमा काय देखं तुम्ही? काय देखं?" आप्पा म्हणाला, "मला मोकळं दिसलं." लोटन थुंकला आणि गेला.

आप्पाने गच्चीला कुलूप घातलं. स्टेटस बंद. बाजारात गेला की लोक मुद्दाम वर बघून विचारायचे, "आज काय भाव आभाळाचा?" त्यातला एक आवाज माझा होता.

रविनाला गावी नेऊन मिशनच्या दफनभूमीत माती दिली. पंधरा दिवसांनी कालीबाई परत आली. मी आप्पाकडेच बसलो होतो. ती उंबऱ्यात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"आप्पा, रविवारी पोरीच्या नावाने प्रार्थना ठेवली शे. फोटो पाहिजे. तोंड दिसणारा."

"आहे ना. आहे." आप्पा घाईने उठला, खुर्चीला अडखळला. साडीच्या जुन्या खोक्यात त्याचे छापलेले फोटो होते. खिडकीशी जाऊन त्याने एक एक फोटो नाकाला टेकवून पाहिला. बराच वेळ लागला. मग एक निवडून तिच्या हातात दिला. "भाकर खाताना काढला होता बघ. किती हसतेय."

कालीबाईने फोटो पाहिला. आप्पाकडे पाहिलं.

"आप्पा, ही तर मी शे."

"तू? थांब, मग हा असेल." त्याने दुसरा दिला. त्यात माणूसच नव्हतं. मिरचीची रास होती.

निर्मलावहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कालीबाई पुढे झाली, हात उंचावून तिने आप्पाच्या तोंडासमोर बोटं धरली. किती, असं तिने विचारलं नाही. तो तिच्या हाताच्या बाजूला, भिंतीकडे बघत होता.

"मंग इतला दिवस," ती हळू म्हणाली, "आभाय कोन देखी ऱ्हायंता?"

आप्पा खाली बसला. "मोबाइलवर... फोटो बघून सांगायचो. डोळ्यांजवळ धरला की दिसायचं."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी निळा दिसला मला."

वहिनींनी खोक्यातून फोटो शोधून काढला. एका हातात भाकर, हनुवटीवर मिरचीचा डाग, तोंड उघडं, काहीतरी टोमणा मारत असावी. कालीबाईने तो पदरात गुंडाळला.

"खोटं नै बोलनात तुम्ही," ती म्हणाली. "पोर तर गयीच."

ती गेल्यावर मी कॅमेऱ्यातलं कार्ड मोबाइलला लावलं. फोटोंची यादी उघडली. नखाएवढी चित्रं, सगळ्यांत तीच टाकी, तोच सिग्नल, तीच चौकट, वर्षभराची. त्या दिवशीचा फोटो शेवटून दुसरा होता.

व्यापाऱ्याने आप्पाला काही दिलं नव्हतं. लेन्स त्याने पेन्शनमधून सुरतेहून मागवली होती. जुनी लेन्स चांगली होती, मी धुकं म्हणत होतो ते खोटं होतं. त्या सकाळी काढलेल्या फोटोत सिग्नलच्या मागे ढगाची काळी पट्टी स्पष्ट दिसते. स्टेटसला टाकला तो फोटो तीन दिवस आधीचा होता, त्या सारख्या दिसणाऱ्या चित्रांतून त्याने चुकून तोच उचलला होता. आप्पाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता आणि त्याला दिसत नव्हतं.