उजळ केलेला चेहरा

ती बाई गडचिरोलीतल्या एका जंगलगावात राहते. मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या बहिणीला वाघाने नेलं. ती हकीकत तिने माझ्या कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या चुलीपाशी बसून सांगितली. घरात अंधार, चुलीत जाळ आणि दारात उन्हाचा पांढरा पट्टा. साध्या व्हिडिओत चेहरा सांभाळावा तर दार पांढरंफटक होतं, दार सांभाळावं तर बाई अंधारात बुडते. म्हणून मी ते एचडीआरमध्ये घेतलं. त्यात दोन्ही टिकतं.

रंग जुळवायचं काम भद्रावतीला, माझ्या खोलीत चाललं. खिडकीला काळा कपडा बांधलेला. रोज आधी मॉनिटरला मीटर लावून ब्राइटनेस बघायची, मग गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा कशा चढत जातात ते. काळ्या पट्ट्यांची एक चाचणी असते. त्यात पूर्ण काळ्याच्या शेजारचा पट्टा जेमतेम दिसायला हवा. बाईचा अर्धा चेहरा त्या जेमतेम दिसण्यातच होता. बहिणीचं नाव घेऊन ती थांबते आणि सावलीतला गाल ओला होतो. तेवढ्यासाठी मी डोळे फोडून घेतले होते.

ज्या संस्थेसाठी हे केलं, तिने सिंदेवाहीच्या एका सभागृहात दुपारी कार्यक्रम ठेवला. भिंतीवर नवाकोरा मोठा टीव्ही होता. मी सकाळीच जाऊन त्याचा दुकानात दाखवायचा भडक मोड बंद केला, गॅमा बसवला, पडदे ओढून घेतले. बाई बसने आली होती. तिला मी पुढच्या रांगेत बसवलं.

पाहुण्यांचे फोटो काढायला कोणीतरी पडदे सरकवले. फिल्म सुरू झाली तेव्हा ऊन थेट टीव्हीवर पडत होतं. संस्थेचे प्रमुख उठले, रिमोट घेतला आणि ब्राइटनेस पार वर नेला.

अंधाराचा धूर झाला. जाळ पिवळा फुगा झाला. बाईच्या चेहऱ्यावर कोणी पीठ उधळावं तसं झालं.

"भाऊ, हे काऊन केलं?" मी ओरडलेच.

"मॅडम, चेहरा काळा दिसून राह्यला होता. मोठे लोक आले आहेत. थोडी उजळ दिसली तं काय बिघडलं?"

मागे एकजण हसला. "काळी आहे तं काळीच दिसन."

बाई माझ्याकडे वळली. "ही मी होय? अशी राखड लावल्यावानी काऊन दिसून राह्यली मी?"

मी प्रमुखांच्या हातातून रिमोट ओढून घेतला आणि फिल्म बंद केली. पडदे ओढले. सगळ्यांसमोर, त्यांच्या चुळबुळीकडे न बघता, एकेक आकडा पुन्हा जागेवर आणला. दोन पाहुणे उठून गेले. प्रमुख दात-ओठ खात म्हणाले, "हे बरोबर नाई केलं तुम्ही."

"तुम्ही तिचं दुःख पुसून टाकत होते," मी म्हटलं.

फिल्म पहिल्यापासून लावली. बहिणीचं नाव आलं तेव्हा बाईने तोंडाला पदर लावला, पण नजर हलवली नाही. संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "चूल बराबर दिसली."

आठवडाभराने संस्थेच्या फेसबुक पानावर फिल्ममधला बहिणीचं नाव घेतानाचाच तुकडा आला. चेहरा उजळ, गाल कोरडा, मागे बासरी. मी फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यांनी तुकडा काढला, पण तोवर तो मोबाइलांवरून कुठे कुठे पसरला होता. चिमूरच्या एका ओळखीच्या बाईंनी तो मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, किती सुंदर दिसते.

त्यांना उत्तर दिलं असतं तर शिवीच दिली असती. त्या संस्थेचं काम मी सोडलं. मूळ फिल्म घेऊन बाईच्या गावी जायचं ठरवलं आहे, स्वतःचा स्क्रीन घेऊन.