रक्त कुणाचं घ्यायचं

"हिचंच काढा. ही माणसं काटक असतात. बाकीच्यांना चक्कर येते."

सर हे दोन पाहुण्यांसमोर बोलले. त्यांच्या खोलीत मी बाही वर करून स्टुलावर बसले होते. पाहुणे हसले. मला कुणी विचारलं नव्हतं.

यवतमाळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी प्रकल्प सहायक आहे. माणसाच्या पेशीच्या पृष्ठभागावर असणारं एक प्रथिन आमच्याकडे बाहेरून येतं. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून तयार केलेलं. कुपीच्या तळाशी पांढरा, पातळ थर. ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते कसं चिकटतं, हे आम्ही तपासतो. कुपी गरम होऊ द्यायची नाही, हिसका द्यायचा नाही, सरांना विचारल्याशिवाय उघडायची नाही. रक्त मात्र दर खेपेला माझं. बाकीचे सगळे सरांच्या ओळखीच्या घरांतले. मी नेरच्या बौद्धपुऱ्यातली.

त्या दिवशी नळी भरली आणि मला चक्कर आली. शिपाई रफिकभाईंनी टेबलावरचा तांब्या उचलून माझ्या तोंडाला लावला. तांब्या सरांचा होता. माझ्या रक्ताची नळी सर उजेडाकडे धरून पाहत होते. मग त्यांनी तांब्याकडे पाहून नुसती मान हलवली. रफिकभाई तो बाहेर घेऊन गेले. नळाखाली घासल्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. परत आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बेटा, मले सांगतलं तं मी काय करू?"

घरी सांगितलं. बाबा ज्या जिनिंगमध्ये गाठी बांधत, ती बंद पडली होती. भाव कोसळलेले, कापसाच्या गाड्या येत नव्हत्या. घर माझ्या पगारावर.

बाबा म्हणाले, "चुप राह्य. दिवस बेकार आहेत."

आई तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "त्यानं मांगतलं होतं काय तुले? मंग कायले देतं वं?"

पुढच्या खेपेला कुपी आली. स्टूल पुढं सरकवलं गेलं. मी उभीच राहिले.

"आज माझं नको, सर."

"मग कुणाचं?"

"तुमचं घ्या. प्रथिन माणसाचं आहे."

कुणी हसलं नाही.

"नोकरी नको झाली का तुला?"

"पाहिजे. पण रक्त देण्याची नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. माझं टेबल रिकामं केलं होतं. मी तिथंच बसले. सर दारात आले, तेव्हा मी म्हणाले, "मला काढायचं तर कारण लिहून द्या. हिनं रक्त द्यायला नकार दिला, असं लिहा. खाली सही करा."

त्यांनी अजून लिहिलेलं नाही. जिनिंग अजून बंद आहे. मी रोज जाते. ज्या दिवशी ते लिहितील, त्या दिवशी तो कागद मी बसस्टँडसमोरच्या चौकात उभी राहून मोठ्यानं वाचीन. सरांच्या नावासकट.