पोटदुखीचा खरा प्रयोग

पोटदुखीचा अभिनय माझ्याइतका झकास अख्ख्या नागपुरात कोणाला जमत नसे. सासर विणकरांचं. सुताच्या कांड्या भरायचा ढीग समोर आला, की मी ओटीपोट धरून भिंतीला टेकायची. डोळे अर्धे मिटलेले, कण्हणं मोजकंच. सासूबाई दोनदा फसल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पडदा पाड वं आता. कांड्या वाट पाहून राहिल्या."

आणि मग, ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात, मला खरोखरच दुखू लागलं. उजवीकडे, खाली, आत कोणी चिमटा काढून सोडायला विसरल्यासारखं. घरात कोणी मान वर करून पाहीना. तीन आठवडे मी खरं रडले, तर तेही जुन्याच नाटकात धरलं गेलं. दुखण्याहून मोठी भीती तीच होती, की आता माझं खरं कोणाला कधी पटणारच नाही.

एके सकाळी मी कण्हणंच सोडून दिलं. मुकाट्यानं कांड्या भरत बसले. सासूबाई थबकल्या. "काहून गप्प आहेस वं?" म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवल्या.

धरमपेठेत एका डॉक्टरीणबाईंकडे नुकतंच सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. पोटभर पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची, असा हुकूम. मी अख्खा तांब्या रिचवला होता. रिक्षावाल्यानं रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही.

पडद्यावर भलामोठा काळा डाग उमटला. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बाई, एवढी मोठी गाठ!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ती लघवीची पिशवी, आजी. हिनं प्यायलेलं पाणी आहे ते. पिशवी भरली की मागचं नीट दिसतं." मग त्यांनी बाजूला बोट ठेवलं. "हे अंडाशय. त्यात ही पाण्याची गाठ, लिंबाएवढी. हिला दुखतंय ते या गाठीमुळेच."

"पुन्हा सांगा," मी म्हणाले.

"काय?"

"दुखतंय, ते."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सासूबाईंकडे बघून, सावकाश.

"कापा लागते का?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"अशा गाठी बहुतेक वेळा आपोआप जिरतात. दोन पाळ्या जाऊ द्या, मग परत बघू. मध्येच एकदम जोरात दुखलं, उलट्या झाल्या, तर तडक या."

"बराबर हाये," सासूबाई म्हणाल्या. "सुतात गाठ दिसली म्हणून आमीबी लगेच कात्री नाही घेत."

ते दोन महिने माझ्या वाटच्या कांड्या त्यांनी भरल्या. दुसऱ्या खेपेला पडद्यावरच्या फोटोत गाठ नव्हतीच. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना दोनदा नमस्कार केला, यंत्रालाही एक.

पुढे खोड काही गेली नाही. ढीग दिसला, की माझा हात पोटावर. पण त्यानंतर सासूबाई हातातलं काम थांबवून आधी विचारायच्या, "हे कोणतं वं? फोटोतलं का नाटकातलं?"

"नाटकातलं," मी कबूल करायची.

"मंग बस इथं." अर्धा ढीग त्या माझ्यापुढे लोटत, अर्धा स्वतःकडे ओढत.

पण विचारायच्या. दर वेळी विचारायच्या.