शेतीसंरक्षणाची बंदूक

मी जातीचा भित्रा माणूस. दिवाळीत गल्लीतली पोरं फटाके लावायला लागली की मी एखादं दप्तर उघडून माजघरात बसत असे आणि फार काम असल्याचं भासवत असे. अशा माणसाला जुन्या लढायांतल्या बंदुका जमवायचा, आणि वर त्या उडवून बघायचा नाद लागला, हे माझ्या बायकोला शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही ते धड समजावून सांगता आलं नाही.

तेव्हा मी सोलापुरात वकिली करत होतो. सांगोल्याकडच्या एका बांधाच्या तंट्यात जागा बघायला गेलो होतो. पक्षकार म्हातारा शेतकरी होता. त्याच्या गोठ्याच्या दाराला आतून एक लांबलचक अडणा लावलेला होता. मी तो सहज हातात घेतला तर भलताच जड लागला. उजेडात नेऊन बघितलं, तर ती तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे सुताची पेटती दोरी. ती टेकवून बार काढायचा, अशी जुन्या काळची.

"अहो, ही बंदूक आहे," मी म्हणालो.

"व्हय. आमच्या पणज्याची. लढाईला ग्येलता म्हनं. त्यो आला न्हाय, ही तेवढी आली."

"कोणत्या लढाईला?"

"ते कुनाला ठावं? हारलेली असंल. जिकली असती तर घरात कुनी ना कुनी सांगितलं असतं की."

मला त्या वाक्यानं चटका बसला. ज्या माणसाची लढाईसुद्धा कुणाच्या लक्षात नाही त्याची बंदूक म्हशींवर पहारा करते आहे, असं काहीसं मनात आलं. मी ती मागितली. म्हातारा म्हणाला, "न्या की. पर दाराला दुसरा अडणा द्या." मी सागवानी अडणा करून पाठवला.

बंदूक मात्र लगेच आणता येईना, कारण परवाना हवा होता. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"संग्रहासाठी? वकीलसाहेब, असा रकाना नाही. स्वसंरक्षण घालू, शिकार घालू की शेतीसंरक्षण?"

स्वसंरक्षण म्हणावं तर तोडा पेटवून बार उडेपर्यंत चोर आमच्याकडं चहा पिऊन गेला असता. शिकारीचं नाव काढलं तर घरात जेवण मिळालं नसतं. त्यानंच शेवटी शेतीसंरक्षण लिहून टाकलं. माझी सगळी शेती म्हणजे अंगणातलं तुळशीवृंदावन. बायकोनं परवाना वाचला आणि म्हणाली, "बरं झालं. मंजिऱ्यांवर फार किडे पडतात हल्ली."

बंदुकीची नळी साफ केली तेव्हा आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि उंदरानं साठवलेली करडईची टरफलं निघाली. वर्षभरात आणखी दोन बंदुका आल्या. एक जुन्या बाजारात मिळालेली, गोऱ्या पलटणीची, चकमकीच्या दगडावर उडणारी, आणि एक ठासणीची, लाकडी दस्त्याशिवाय. तिन्ही मी बैठकीत भिंतीवर टांगल्या. येणाऱ्या पक्षकाराला मी आधी बंदुका दाखवायचो आणि मग कागद बघायचो. त्यामुळं माझी वकिली किती वाढली ते विचारू नका.

पण नुसतं टांगून समाधान होईना. ती उडते कशी, हे बघायची हौस आणि ती उडेल ही भीती, दोन्ही एकदमच वाढत गेली. तेवढ्यात एक पेन्शनर हवालदार भेटले. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडं जाऊन आलेले, बारीक चणीचे, तपकीर ओढणारे. फारसं बोलत नसत. हसताना तर त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी आजोबांनी त्यांना ठासणीचा बार भरायला शिकवला होता. त्यांनी माझी तोड्याची बंदूक उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "साहेब, ही म्होरच्यापरास मागच्यालाच जास्त मारनार."

दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या माळावर जाऊ लागलो. आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग शिशाची गोळी. मग लोखंडी गजानं सगळं ठासायचं, गज बाहेर काढायचा, बाजूच्या कान्यात, म्हणजे बारीक भोकापाशी, चिमूटभर रंजक, पेट घ्यायची बारीक दारू, ठेवायची आणि तोड्यावर फुंकर घालून चाप ओढायचा. हवालदार हे सगळं मला पाढ्यासारखं म्हणायला लावत. "गज भाईर!" हे तर दर वेळी दोनदा.

नेमासाठी चुना फासलेलं मडकं ठेवत असू. पहिल्या रविवारी मी हौसेनं सहा मडकी आणायला गेलो तर कुंभारीण घाबरून म्हणाली, "अगं बाई, घरात कुनाचं काय झालं वो?" पण पुढं तिला काही काळजी करावी लागली नाही. पहिलंच मडकं मला पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुरलं. बाकीच्या पाचांत बायकोनं कडधान्य भरलं. माझ्या नेमात एकच खोट होती. चाप ओढताना माझे दोन्ही डोळे मिटत. हे मी हवालदारांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

अशातच थंडीच्या दिवसांत माढ्याकडच्या एका गावचे तिघं शेतकरी कोर्टात आले. वकिलांच्या खोलीत सगळ्यांसमोर त्यांनी मला हात जोडले.

"तुमीच न्हव का शेतीसंरक्षणाचे बंदूकवाले?"

कचेरीत त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. काळविटांचा कळप त्यांचा शाळू खाऊन फस्त करत होता आणि गावात बंदूक नव्हती. खरं सांगून मोकळं व्हायची हीच वेळ होती. पण खोलीतले झाडून सगळे वकील माझ्याकडं बघत होते. मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "रविवारी येतो."

हवालदारांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "काळवीट मडक्यावानी हुबं ऱ्हात न्हाय, साहेब." तरी ते बरोबर आले.

आगगाडीत बंदूक सतरंजीत गुंडाळून उभी धरली होती. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं भक्तिभावानं विचारलं, "वीणा का?" परवाना खिशात असूनही मी गडबडून "हो" म्हणालो. मग तो म्हणाला, "म्हना की एखादा अभंग." मी म्हटला. हवालदार खिडकीबाहेर बघत बसले.

शेतावर पोचलो तर अर्धं गाव बांधावर येऊन बसलं होतं. बायका होत्या, लेकुरवाळ्या होत्या, एकानं तर म्हाताऱ्या आईला खाटेवर घालून आणलं होतं. दिवस मावळायला कासराभर राहिला होता. शाळूच्या कडेला, पाटलाचा जुना कोट घातलेलं एक बुजगावणं उभं होतं आणि त्याच्याही पलीकडं माळ होता. मी काळा कोट, पागोटं अशा कोर्टाच्या थाटात आलो होतो, कारण गावासमोर जायचं म्हणजे दुसरे बरे कपडे माझ्यापाशी नव्हते.

कळप आला. पुढं एक काळाभोर नर, पिळदार शिंगांचा, मान वर करून. इतकं देखणं जनावर मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. दारू ओतली, गोळी घातली, ठासली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आता बगा!" आणि ते "आता बगा" कानात शिरलं तसं मला पाढ्यातलं पुढचं काही आठवेना. मी रंजक टाकली, तोडा फुंकला, बंदूक खांद्याला लावली.

हवालदार ओरडले, "साहेब, गज!"

मला वाटलं, ते गजराज वगैरे काही म्हणून मला धीर देत आहेत. मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

पुढचं मला नंतर सांगण्यात आलं. मी शाळूत उताणा पडलो होतो, पागोटं शाळूच्या दोन ओळींपलीकडं जाऊन पडलं होतं आणि डावी मिशी जळाली होती. माळावर काळवीट औषधालासुद्धा उरलं नव्हतं. आणि नळीत राहिलेला तो नळीएवढा लांब लोखंडी गज बुजगावण्याच्या छातीतून आरपार जाऊन पलीकडं बाभळीच्या खोडात रुतला होता. बुजगावणं हळूहळू वाकलं आणि पालथं पडलं.

मग खाटेवरची म्हातारी म्हणाली, "न्येम लई बेस हाय. पर त्यानं बिचाऱ्यानं काय केलंतं?"

अख्खं गाव हसायला लागलं. मी उठून बसलो, आणि बघतो तर हवालदार ढेकळांत बसून पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, थांबता थांबेनात. मला राग यायला हवा होता, पण मीही हसायला लागलो. जळक्या मिशीनं हसताना ओठ फार चुरचुरत होता.

पाटलांनी आम्हाला हुरड्याला बसवलं. गूळ, शेंगदाण्याची चटणी, आणि मला लावायला लोणी. कळप आता महिनाभर तरी फिरकणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. जाताना मात्र त्यांनी मला अडवून, जरा संकोचत, माझा काळा कोट मागितला. नव्या बुजगावण्याला घालायला. "जनावरांनी हाच वळखलाय आता," पाटील म्हणाले. मी काढून दिला.

परतीच्या गाडीत थंडी वाजत होती. हवालदारांनी आपली घोंगडी अर्धी माझ्या अंगावर टाकली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बसऱ्यास्नं आल्यापास्नं असा हसलो न्हवतो, साहेब." तिकडं त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मलाही कधी विचारवलं नाही.

मी घरी पोचलो तेव्हा बायकोनं दार उघडलं, अर्धी मिशी आणि बिनकोटाचं अंग खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पाणी तापत ठेवलं. दुसऱ्या दिवशी उरलेली मिशीही काढावी लागली. कोर्टात एका न्यायाधीशांनी मला ओळखलंच नाही.

त्यानंतर मी नेम धरला नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी दारात हवालदार हजर, हातात नवा गज, त्यांनी स्वतः लोहाराकडून घडवून आणलेला. "चला," म्हणाले. आम्ही माळावर गेलो. त्या दिवसापासून बार ते उडवायचे, मी फक्त दारू मोजून द्यायचो आणि कानात बोटं घालून उभा राहायचो. पाच-सहा वर्षं तो नेम चालला. या व्यवस्थेत आम्ही दोघंही फार सुखी होतो.